एकही शेरा न मारता

ता. ४ नोव्हेंबर

ती. दादास टाचणीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं, आणि गुडघ्याच्या डॉक्टरबद्दल तू जे लिहिलं आहेस ते वाचून त्याहून बरं वाटलं. इकडे लॅबमध्ये काम तुंबलं आहे. थंडी पडली की लोकांना सगळे दात एकदम काढून टाकावेसे का वाटतात कोण जाणे. माझ्या टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आहेत आणि मी दिवसभर परक्यांच्या कवळ्या घासत बसते. निदान हे जबडे बोलत तरी नाहीत.

आता मुख्य बातमी. आमच्या भिंगरीने नोकरी धरली. गेलं वर्षभर ती सुटीच्या दिवशी त्या डोंगरवाल्या कंपनीत जात होती हे तुला ठाऊक आहे. धट्ट्याकट्ट्या माणसांना सकाळी डोंगरावर चढवायचं आणि संध्याकाळी जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं, असा तो धंदा. त्यांनी तिला आता कायमचं घेतलं आहे. दूरच्या डोंगरात त्यांचा तळ आहे, तिथे महिनाअखेरीला जायचं. माझ्या लॅबमधली दुसरी खुर्ची तिच्यासाठी मी चार वर्षं पुसून ठेवली होती. ती आता अशीच राहणार.

तिने सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणाले की लोकांना चालायला शिकवायचा पगार मिळतो हे माहीत नव्हतं, आम्ही तर तुला फुकट शिकवलं. वाक्य चांगलं जमलं होतं, दादा, तूही दाद दिली असतीस. ती मात्र ताट घेऊन आत गेली आणि पुढचे काही दिवस माझ्याशी फक्त दुधाबद्दल आणि किल्ल्यांबद्दल बोलली.

मग परवा येऊन समोर बसली आणि तिने अट घातली. जाण्याआधी मी एक दिवस तिच्याबरोबर डोंगरावर यायचं, ती काय काम करते ते बघायचं आणि घरी परत येईपर्यंत एकही शेरा मारायचा नाही. कुणावरच नाही, कशावरच नाही. जमलं तर ती तिकडून मला फोन करील. नाही जमलं तर फोन बाबांना करील आणि तिची खुशाली मला त्यांच्याकडून कळेल. हे किती भयंकर आहे ते तुला सांगायला नको. आमच्या ह्यांच्याकडून खुशाली म्हणजे 'बरी आहे' एवढे दोन शब्द, तेही वर्तमानपत्राच्या मागून.

मी हो म्हणाले आहे. लगेच मला दुकानात नेण्यात आलं. तिथल्या पोऱ्याने मला श्वास घेणारे मोजे दाखवले. मोज्यांनी श्वास घ्यायचा तर मी काय करायचं, हे विचारायचं होतं, पण सराव म्हणून ओठ मिटले. बुटांची किंमत ऐकल्यावर मात्र ते आपोआप उघडले. तेवढ्यात मी दोन माणसांना तोंडभर दात बसवते. बूट न घेताच परत आलो. सॅकला अडकवायला हातभर दोरी मात्र घ्यावी लागली, ती म्हणे प्रत्येकाकडे असावीच लागते. कशासाठी ते विचारलं नाही. चढताना मेंढरांसारखं एकमेकांना बांधणार असतील.

वहिनीला नमस्कार. तुझा माझ्यावर जेवढा लोभ आहे तेवढा पुरे, फक्त पत्र लवकर टाक.

तुझी,
टाचणी

ता. ९ नोव्हेंबर

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी हसली. मी हसलो नाही. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्या माणसांनी वर जाताना पाय वापरू नयेत म्हणून. आता माझी सख्खी भाची पैसे घेऊन माणसांना पायांनी वर नेणार. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीवर एवढं नेमकं पाणी आजवर कुणी ओतलं नव्हतं.

बुटांची काळजी करू नकोस. खाणीतल्या पाळण्याच्या, म्हणजे तिथल्या लिफ्टच्या, कामाला कंपनीने मला जे बूट दिले होते ते माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले आहेत. नोकरी सुटल्यापासून पायात घातलेले नाहीत, म्हणजे नव्यासारखेच. आपल्या घरात सगळ्यांचे पाय एकाच साच्यातले, त्यामुळे मापाचा प्रश्न नाही. उद्या पार्सल करतो. हल्लीचे ते रंगीत बूट म्हणजे पावसाळी छत्रीला नाड्या लावल्यासारखे. आपलं जुनं चामडं माणसाच्या आधी फाटत नाही.

गप्प बसण्याचं तुझं तू बघ, पण एक उपाय तुझ्याच हातात आहे. लहानपणी लोकांच्या घरी गेल्यावर अण्णा आपल्याला तोंड उघडू देत नसत, तेव्हा आपण काय करायचो ते आठव. गिळलेल्या प्रत्येक शेऱ्यामागे रुमालाला एक गाठ, आणि घरी आल्यावर जिन्यात बसून एकेक सोडायची, एकेक सांगायची. तुझे रुमाल नेहमी माझ्यापेक्षा जाड व्हायचे. ती दोरी घेतली आहेस ना, तिला मार. डोंगर उतरलीस की मला लिही, मी इथे जिन्यात बसून वाचीन.

भिंगरीलाही मी ही विद्या शिकवली होती, तुझ्या दिरांच्या घरी ते लांबलचक जेवण होतं तेव्हा. पाच-सहा वर्षांची असेल. सबंध जेवणात तिने एकच गाठ मारली. घरी आल्यावर विचारलं तर ती माझ्यावर होती.

तुझ्या जिभेला आणि गुडघ्यांना सांभाळ. थोरल्या भावाच्या आशीर्वादाला डोंगर चढावे लागत नाहीत, तो घरी बसल्याही पोचतो.

दादा

ता. १७ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

बूट पोचले. पिशवी सोडली तेव्हा घरात खाणीचा वास सुटला, पण पायात असे बसले की जणू मीच त्या पाळण्यातून वर-खाली केलं असावं. भिंगरीने ते उलटे करून तळ अंगठ्याने दाबून पाहिला. म्हणाली, कोंडून ठेवलेल्या बुटांचा डिंक वाळतो, निदान आठवडाभर रस्त्यावर घालून फीर म्हणजे काय ते कळेल. मी म्हणाले की हे बूट तुझ्याहून वयाने मोठे आहेत आणि आजवर उलटून बोललेले नाहीत. हा शेरा अटीत बसत नाही, अट डोंगरावरची आहे, असं मी तिला दाखवूनही दिलं. मी बूट पुसून दाराजवळ ठेवले ते अजून तिथेच आहेत. चालण्याचा सराव करणं मला पटतच नाही. उद्या श्वास घेण्याचा सराव करायला सांगतील, मोज्यांबरोबर.

रविवारी तयारीची सभा झाली. कंपनीचे मुख्य म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ. मी त्यांना शिट्टीच म्हणते. मनात. पडद्यावर डोंगराचं चित्र दाखवून ते म्हणाले की हा डोंगर नाही, ही तुमची स्वतःशी भेट आहे. मला माझ्याशी भेटायचं असतं तर मी एवढ्या लांब कशाला गेले असते. शेजारच्या बाईंनी शिट्टीचं वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढे एक रंगाचे व्यापारी होते, त्यांनी विचारलं की वर मोबाईलला रेंज असते का. स्वतःशी भेट नीट व्हावी म्हणून असेल.

भिंगरी मागे उभी होती, हातात पाण्याच्या बाटल्या. कुणी मान वळवली की पुढे होऊन देत होती. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पाहुण्यांसमोर लहान मूल काय बोलून बसेल म्हणून आई बघते तशी.

त्या दिवसापासून मी स्वतःला विचारते आहे की मला नक्की कशाची चीड येते. चालायला मलाही आवडायचं. शिट्टी मूर्ख आहे, पण मूर्ख माणसाचा मला इतका राग कधीपासून येतो? खुर्ची रिकामी राहिली म्हणून मी सगळ्या डोंगरावर सूड उगवते आहे की काय, अशी शंका येते. ह्यांना विचारलं. ते म्हणाले, असेल. माझा शेरेबाजपणा बाहेर पडायला वाट हवी म्हणून मी तुला लिहिते, हे तुला कळतंच. तू नसतास तर मला मैत्रिणी कराव्या लागल्या असत्या.

येत्या रविवारी जायचं. गुडघ्याला जप. तू तिथे जिन्यात बसशील या भरवशावर मी तोंडाला कुलूप लावते आहे.

तुझी,
टाचणी

ता. २६ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्राला तीन दिवस उशीर झाला, कारण लिहायला बसायचं म्हणजे आधी बसायला हवं. खुर्चीवर मी बसत नाही, पडते. जिना उलटी होऊन उतरते, कठडा धरून, खालच्या मजल्यावरच्या आजोबांसारखी. काल ते आणि मी एकाच वेळी जिन्यात होतो आणि ते माझ्यापुढे निघून गेले. मांड्यांना शेक चालू आहे. पण पायांपेक्षा दुखतो आहे तो जबडा. आमच्या डॉक्टरांनी दाबून पाहिला आणि विचारलं की झोपेत दात चावतेस का. मी म्हणाले, जागेपणी, सकाळी सहापासून. त्यांनी मला मऊ खायला सांगितलं आहे. म्हणजे मी आता माझ्याच गिऱ्हाइकांच्या पंक्तीला आहे.

आता सगळं सांगते, आणि सगळं म्हणजे सगळं.

पहिली गाठ गाडीतच पडली. शिट्टीने सगळ्यांना स्वतःचं नाव आणि आपण कोणता प्राणी आहोत ते सांगायला लावलं. एक बँकेतले साहेब गरुड निघाले. दोन काठ्या घेऊन, दर दहा पावलांवर थांबणारा गरुड मी प्रथमच पाहिला. माझी पाळी आली तेव्हा मी गोगलगाय म्हणाले, म्हणजे पुढे कुणी काही विचारणार नाही. एक नवराबायको प्रत्येक दगडापाशी फोटो काढत होते, दगड बदलायचा, तोंडं तीच. वहीवाल्या बाईंनी एका झाडाला मिठी मारली आणि शर्टाला चीक लागला म्हणून त्या झाडावर रागावल्या. दादा, तू असतास तर आपण दोघं दरीत पडलो असतो. मी ओठ घट्ट मिटून हात मागे नेत होते आणि सॅकच्या दोरीला गाठ मारत होते. अर्ध्या वाटेवर ती दोरी जपमाळेसारखी झाली होती.

मग विसाव्याची जागा आली. रंगवाल्यांच्या बुटाची नाडी सुटली होती. ते फोनवर कुणाला तरी पिवळा पाठव, पांढरा नको, असं सांगत होते. बोलता बोलता त्यांनी पाय पुढे केला. खाली पाहिलंही नाही. भिंगरी आली, गुडघे टेकून खाली बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि नाडी बांधली. दुहेरी, नीट. मग उठून हात झटकले आणि पुढच्या माणसाकडे गेली.

यासाठी शिकवलं का तुला, लोकांचे पाय मांडीवर घ्यायला, हे वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. ते मी गिळलं आणि गाठ मारली. इतकी ओढून मारली की बोट लाल झालं.

माथ्यावर पोचलो. वर काय होतं म्हणशील, तर खाली होतं ते सगळं लहान दिसत होतं. उकडलेली अंडी आणि केळी खाल्ली. भिंगरी माझ्याशेजारी येऊन बसली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली की आई, तुझं गप्प बसणं पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मला वाटलं, वा, काय बोलली. आणि त्याचीही मला लाज वाटली.

उतरताना तुझ्या बुटांनी जीव सोडला. आधी पायाखाली काही तरी चपचप वाजायला लागलं, मग डाव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला आणि पुढे लोंबायला लागला. प्रत्येक पावलाला तो जबडा उघडायचा, मिटायचा. दिवसभरात मी जे बोलले नाही ते सगळं तो बूट मोठ्याने बोलत होता. डिंक वाळतो असं ज्या मुलीने सांगितलं होतं तिने मागे वळून पाहिलं. तिला किती बोलता आलं असतं. तिने फक्त दोरी मागितली.

मी दिली. दुसरं करणार काय. एवढ्या गाठींनी ती वीतभर उरली होती. भिंगरीने ती हातात धरली आणि बघत राहिली. मामाची विद्या ती विसरली नव्हती. बाकीच्यांना तिने शिट्टीबरोबर पुढे पाठवलं, मला दगडावर बसवलं आणि एकेक गाठ दातांनी सोडायला लागली. प्रत्येक गाठ सैल झाली की विचारायची, ही कुणावर. मी म्हणाले की मला बोलायची बंदी आहे. ती म्हणाली, मीच विचारतेय तर तो शेरा नाही, ते उत्तर. मग मी सांगितलं. गरुडाची सांगितली, झाडाची सांगितली. ती हसली नाही, पण गाठ सोडताना तिचे खांदे हलत होते. आम्ही अशा इतका वेळ एकत्र कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

शेवटी ती एक गाठ उरली. सर्वांत घट्ट. तिने दातांत धरली आणि माझ्याकडे पाहिलं. दादा, मी म्हणाले, आठवत नाही.

तिने गाठ तोंडातून काढली. म्हणाली, असू दे, दोरी एवढी पुरते. आणि माझ्यासमोर गुडघे टेकून खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला, आणि तुझा बूट तळासकट बांधून काढला. दुहेरी, नीट.

खाली येईपर्यंत ती गाठ पायाच्या वरच्या हाडावर रुतत होती. दोरी जरा सरकवून बांध, एवढं म्हणायचा अधिकार मला होता, तो काही शेरा नव्हे. तरी बोलले नाही. घरी येऊन बूट काढला तर तिथे सुपारीएवढा काळानिळा डाग. मांड्या उतरतील, जबडा उतरेल. हा बसला आहे.

तिच्या हिशेबी मी जिंकले आहे. ती निघायची तयारी करते आहे, मला फोन करणार असंही म्हणाली. आणि मी तिच्यासमोर शेक घेत बसले आहे खोटं बोलून. सांगू का नको, ते लिही. ती रविवारी जाईल.

तुझी,
लंगडी टाचणी

ता. २८ नोव्हेंबर

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

पत्र जिन्यात बसून वाचलं. लिफ्टमधून जाणारे लोक माझ्याकडे बघत होते.

प्रथम बुटांविषयी. खाणीत त्यांना काही झालं नाही. तुझ्या डोंगरातच खोट असणार. आणि त्या पोरीने आठवडाभर घालून फिरायला सांगितलं होतं ते तू ऐकायला हवं होतंस. मी ते लिहिलं नव्हतं हे मान्य, पण मी काही डोंगरवाला नाही.

आता दुसरं. सांगू नकोस. जिंकली आहेस ना, गप्प बस. एका नाडीवरून पुन्हा दूध आणि किल्ल्या सुरू होतील. आपण दोघं जे बोलतो ते आपल्या दोघांत राहावं म्हणून तर गाठी होत्या. ज्याच्यावर गाठ मारली त्याला आपण कधी सांगितलं आहे का? तुझ्या भिंगरीने त्या दिवशी मला तोंडावर सांगितलं होतं, की मामा, तुम्ही घास तोंडात असताना लोकांना हसता. मी तिला त्यानंतर कुठे जेवायला नेलं नाही, हे तुला आठवतं का? मला या पत्रामुळे आठवलं, आणि उगाच आठवलं.

तुझी वहिनी म्हणते सांग. तिचं कोण ऐकतं.

आशीर्वाद आहेच, तो काही डिंकाने चिकटवलेला नाही.

दादा

ता. १ डिसेंबर

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

वहिनीचं ऐकलं. राग मानू नकोस.

काल तिची सॅक दाराजवळ उभी होती, माझे बूट जिथे ठेवले होते तिथेच. ती खाली बसून पट्टे आवळत होती. मी समोर उभी राहिले, मला अजून पटकन बसता येत नाही, आणि जे दातांपर्यंत येऊन परत गेलं होतं ते वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. यासाठी शिकवलं का तुला, लोकांचे पाय मांडीवर घ्यायला. उंचीवरून ते आणखीच वाईट ऐकू आलं. मग म्हणाले की ती गाठ ह्याची होती, ती तुझ्यावर होती, आणि मला आठवत होतं.

तिने पट्टा आवळून पुरा केला. मग म्हणाली की तिला माहीत होतं. रंगवाल्यांची नाडी बांधताना तिने वर पाहिलं होतं तेव्हा माझे दोन्ही हात मागे होते आणि मान ताठ झाली होती. ती गाठ कोणती आणि कुणावर, हे मला विचारायच्या आधीपासून तिला ठाऊक होतं. दुसऱ्या सोडून तीच शेवटी का ठेवली, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू सांगतेस का ते बघायला.

आणि पुढे, आपल्या अण्णांच्या त्याच थंड आवाजात, म्हणाली की दोरी फिरवून गाठ बाजूला घेणं काही अवघड नव्हतं. हाडाच्या वर नेमकी मध्यावर आणायला मात्र तिला तीनदा बांधावं लागलं.

ह्यांचं वर्तमानपत्र खाली आलं. मग मी हसायला लागले, जबडा दुखत होता तरी, आणि ती सॅकवर डोकं टेकून हसायला लागली. हे म्हणाले, बरंय.

फोन रविवारी करीन म्हणाली, पण अट बदलली आहे. आता बोलायचं. मी गप्प बसले तर तिकडून ठेवून देणार आहे, कारण ते गप्प बसणं तिला एवढ्या लांबही ऐकू जाईल. दोरी ती घेऊन गेली, गाठीसकट. त्या नोकरीबद्दल माझं मत आहे तेच आहे. शिट्टीबद्दल तर अधिकच वाईट झालं आहे, कारण आता त्याच्या हाताखाली कोण आहे ते मी पाहिलं.

तुझा उजवा बूट शाबूत आहे, पार्सलने परत पाठवते आहे. भिंगरीने सांगितलं आहे की मामाला म्हणावं जेवायला या, एक घास गिळून मग हसा.

पायावरचा डाग आता हिरवट होऊन उतरायला लागला आहे. मी रोज मोजा काढून बघते. दादा, तुझ्यामाझ्यासकट आपल्या घरात इतका नेमका शेरा आजवर कुणी मारला नव्हता.

वहिनीला नमस्कार, या वेळी तिला आधी. लोभ आहे तसा राहू दे, टोचला तरी.

तुझी,
टाचणी